नोंदवहीतील शिवार : बहिणाबाईंची कविता, असोद्याचे वांगे आणि विज्ञान व लोकसमाज यांचा संवाद

बीजसंज्ञा : बहिणाबाई चौधरी, असोदा, लोकज्ञान, कृषिविस्तार, बीटी वांगे, लोकजैवविविधता नोंदवही, शाश्वत विकास

प्रस्तावना

शाश्वत विकासाच्या चर्चेत ‘विज्ञान समाजापर्यंत पोहोचविणे’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्यामागील गृहीतकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्ञान एका ठिकाणी तयार होते, ते घेणारा दुसऱ्या ठिकाणी रिकाम्या हाताने उभा असतो आणि या दोघांत केवळ वाहतुकीचा प्रश्न असतो, असे हे गृहीतक आहे. कृषी विद्यापीठांतील ‘विस्तार शिक्षण’ या विभागाच्या नावातही हीच दिशा अभिप्रेत आहे. जे आहे ते विस्तारायचे आहे. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली, १९९९ साली बुडापेस्ट येथील जागतिक विज्ञान परिषदेने पारंपरिक ज्ञानव्यवस्थांची दखल घेतली आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे स्वीकारली. या प्रवासात भागीदारीची भाषा वाढत गेली, हे खरे. मात्र भागीदाराचे म्हणणे ऐकून टिपून घेणारी यंत्रणा कशी असावी, हा प्रश्न बहुतांशी मागेच राहिला.

मराठीत या भागीदारासाठी योजला जाणारा ‘नागरी समाज’ हा शब्दही काहीसा गैरसोयीचा आहे. त्यातून शहर डोळ्यांपुढे येते. सभागृह, निवेदन, परिसंवाद डोळ्यांपुढे येतात. खळ्यावर बसलेली बाई त्यात दिसत नाही. म्हणून येथे ‘लोकसमाज’ हा शब्द अधिक योग्य मानला आहे.

जळगाव शहरालगतच्या असोदा या गावाची निवड यासाठी दोन कारणांनी उपयुक्त ठरते. १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म येथील महाजन कुटुंबात झाला, हे पहिले कारण. आणि असोदा, भादली, बामणोद या परिसरात पिकणारे भरिताचे वांगे, हे दुसरे. एक साहित्याच्या अभ्यासक्रमातील विषय, तर दुसरा बाजारातील. या दोहोंना एकत्र ठेवून पाहिले असता विज्ञान आणि लोकसमाज यांच्यातील दुवा नेमका कोठे तुटतो, हे स्पष्ट होऊ लागते.

‘निरक्षर’ या विशेषणाची अडचण

बहिणाबाईंवरील मराठी समीक्षेत एक विशेषण अपरिहार्यपणे येते : निरक्षर. त्याच्या जोडीला ‘उपजत प्रतिभा’, ‘निसर्गकन्या’ ही गौरवपर विशेषणेही येतात. हेतू आदराचाच असतो. परंतु या विशेषणांचा एकत्रित परिणाम असा होतो की बहिणाबाईंना जे ठाऊक होते ते त्यांनी मिळविलेले ज्ञान ठरत नाही. ते पावसासारखे आपोआप पडलेले ठरते. निरक्षर असूनही इतके सुंदर, या आश्चर्यात समीक्षा अडकते आणि इतके अचूक कसे, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

वास्तविक त्यांच्या शेतीविषयक रचनांचा क्रमच पाहण्याजोगा आहे. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ ही शीर्षके एखाद्या पीक-दिनदर्शिकेच्या प्रकरणांसारखी एकामागून एक येतात. प्रत्येक रचनेत त्या त्या कामाची गती, अवजार, जनावर, माणसांची जागा आणि हवामान यांची नोंद आहे. उपणणी हे काम वाऱ्यावाचून होत नाही. धान्य आणि भूस यांच्या वजनातील फरकाचा उपयोग करून घेण्याची ती रीत आहे आणि वारा पडला की सारे खळे थांबते. या रचनेत वाऱ्याला जी आर्जवाने हाक मारली जाते, ती केवळ भक्तिभावाची नाही; काम अडून राहिल्याची ती तगमग आहे. खळ्यावर खोळंबलेल्या माणसालाच ती तशी सुचू शकते. सुगरणीच्या खोप्यावरील रचनेतही पक्ष्याच्या चोचीकडे अवजार म्हणून पाहण्याची दृष्टी आहे. हे निरीक्षण आहे आणि निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी मानली जाते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडे काही लेखनातून लोकसाहित्यात आधुनिक विज्ञानाचे सिद्धान्त शोधून काढण्याचा उत्साह दिसतो. एकाच विहिरीवर चालणाऱ्या दोन मोटांवरील बहिणाबाईंची रचना घेतली तर तीत सामायिक भूजलाचा सिद्धान्त सांगितला आहे, असे म्हणण्याचा मोह होईल. तसे म्हणणे ओढाताणीचे ठरेल. ती रचना मोटेकडून जीवनाकडे वळते, भूगर्भशास्त्राकडे नाही. कवितेला शास्त्राचे प्रमाणपत्र देण्याने कवितेचेही भले होत नाही आणि शास्त्राचेही नाही. फार तर इतकेच म्हणता येईल की ज्या समाजात एका विहिरीतील पाणी हे सर्वांच्या डोळ्यांसमोर उपसले जात होते, त्या समाजाला पाण्याच्या सामायिकतेची जाणीव रोजच्या व्यवहारातून होती. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरींची जागा खोल कूपनलिकांनी घेतल्यावर प्रत्येकाचा उपसा इतरांच्या नजरेआड गेला.

दुसरीही एक बाजू नोंदविली पाहिजे. बहिणाबाईंची दृष्टी यंत्रविरोधी नव्हती. जळगावातील छापखान्यावर त्यांनी कुतूहलाने रचना केली आहे. प्लेगच्या साथीवरही त्यांची ‘पिलोक’ ही रचना आहे आणि तेथे लोकज्ञानाची मर्यादा उघड दिसते. गाव ओस पडत असताना गावातील कोणत्याही अनुभवाजवळ त्या रोगाचे उत्तर नव्हते. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत तयार केलेली लस हे प्रयोगशाळेतून आलेले उत्तर होते. मात्र त्याच वर्षी पुण्यात घरझडतीच्या रूपाने आलेल्या प्रतिबंधक उपायांनी लोकांच्या मनात उपचाराविषयीच भय निर्माण केले. म्हणजे लोकसमाजाला सारे ठाऊक असते, असा दावा करण्याची गरज नाही. त्याला न ऐकता केलेला योग्य उपायही कसा फसतो, हे पाहणे पुरेसे आहे.

टिपून घेणारा हात

बहिणाबाईंची गाणी आज उपलब्ध आहेत, याचे श्रेय ती टिपून घेणाऱ्यांना आहे. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी काम करता करता म्हटलेली ही गाणी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे. तिचे पद्धतीच्या दृष्टीने महत्त्व मात्र क्वचितच सांगितले जाते.

सोपानदेव हे स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईची गाणी प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेणे त्यांना अशक्य नव्हते, आणि त्या काळात ते कोणाला गैरही वाटले नसते. पण छापील पुस्तकात ‘पोळा’चा ‘पोया’ आणि ‘पेरणी’ची ‘पेरनी’ तशीच राहिली. खानदेशातील लेवा बोलीचा उच्चार, तिची कामाची शब्दसंपत्ती, तिची म्हण बनू पाहणारी वाक्ये, हे सर्व जसे होते तसे कागदावर आले. उतरवताना काय गळले, काय नीटनेटके झाले, हा पाठचिकित्सेचा स्वतंत्र विषय आहे आणि तो अद्याप पुरेसा हाताळला गेलेला नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे : येथे टिपणाऱ्याने सांगणाऱ्याची भाषा बदलली नाही, सांगणाऱ्याचे नाव पुसले नाही आणि सांगणाऱ्याला स्वतःच्या रकान्यांत बसविले नाही. ज्ञाननोंदीचे हे तीन निकष मानले तर कृषिविज्ञानाच्या क्षेत्रातील गेल्या काही दशकांचे व्यवहार त्यांवर तपासून पाहता येतात.

या संदर्भात महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाचे स्मरण अप्रस्तुत ठरणार नाही. बंधारे, पाणी, जनावरांची पैदास, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांविषयी त्यांनी सरकारला ठोस सूचना केल्या. फुले यांनी शेतकऱ्याकडे विद्या यावी असे मागितले. ती मागणी रास्त होती आणि पुढे सरकारी कृषी खाते, संशोधन केंद्रे, १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठ यांनी तिचा काही भाग पूर्णही केला. जळगावात तेलबिया व केळी यांची संशोधन केंद्रे आहेत. असोद्यापासून जवळच ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे. खानदेशच्या शेतकऱ्याला विज्ञान दूर आहे, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती उलट दिशेच्या वाटेची.

कापसाचा धडा

ही उणीव केवळ भावनिक नाही; ती पिकात दिसते. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली आणि थोड्याच वर्षांत खानदेशातील कपाशीचे क्षेत्र त्याने व्यापले. या तंत्राच्या टिकाऊपणासाठी एक अट होती : बीटी कपाशीच्या कडेने बिगर-बीटी कपाशीची ‘आश्रय’ पट्टी लावणे. त्या पट्टीवर वाढलेल्या, विषाला प्रतिकार नसलेल्या बोंडअळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि त्यामुळे किडीत प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे छोटे पाकीट त्यासाठीच दिले जात असे.

हे छोटे पाकीट अनेक बांधांवर पेरलेच गेले नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते कमी प्रतीचे बी होते; मुद्दाम कीड लागू देण्यासाठी जमिनीचा तुकडा द्यावा, ही कल्पना त्याला कोणी समजावून सांगितली नव्हती. गुलाबी बोंडअळीने पहिल्या पिढीच्या बीटी कापसाला दाद न दिल्याचे गुजरातच्या चार जिल्ह्यांबाबत २०१० साली संबंधित कंपनीनेच मान्य केले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसाचेही मोठे नुकसान झाले. याची कारणे एकाहून अधिक आहेत : लांबणारा हंगाम, दीर्घ मुदतीचे संकर, फरदड. परंतु यांतील प्रत्येक कारण शेतकऱ्याच्या निर्णयाशी निगडित आहे. ज्या तंत्राचे आयुष्य लाखो शेतकऱ्यांच्या समजुतीवर अवलंबून होते ते तंत्र त्यांच्याशी न बोलता दिले गेले.

वांग्याची सुनावणी

असोद्याच्या परिसरातील भरिताचे वांगे हे आकाराने मोठे, फिकट हिरव्या रंगाचे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे असते. तुरीच्या वा कपाशीच्या काड्यांवर ते भाजले जाते, लाकडी बडगीत ठेचले जाते आणि हिरवी मिरची, कांद्याची पात यांच्यासह कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खाल्ले जाते. हिवाळ्यातील भरिताची पार्टी हा खानदेशाचा सामाजिक व्यवहारच आहे. वाणाची निवड येथे चुलीने केली आहे. भाजल्यावर साल सुटते की नाही, गर पाणचट होतो की नाही, बी दाताखाली येते की नाही, हे निकष घरातील बाईने लावले आणि त्यानुसार कोणते फळ झाडावर पिकू देऊन बियाला ठेवायचे, हे ठरत गेले. भारत हा वांग्याच्या विविधतेचा मोठा प्रदेश आहे, असे वनस्पतिशास्त्र सांगते. ती विविधता अशा असंख्य चुलींजवळ घडलेली आहे.

या वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. ती आधी शेंड्यात शिरते, शेंडा माना टाकतो, मग ती फळात जाते आणि तेथे फवारणीचा तिला स्पर्शही होत नाही. परिणामी फवारण्या वाढत जातात. त्यावर उपाय म्हणून जालना येथील महिको या कंपनीने बीटी वांगे विकसित केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला हिरवा कंदील दाखविला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी जे केले ते भारतीय विज्ञानव्यवहारात अपूर्व होते : निर्णयापूर्वी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातील सुनावणी जानेवारी २०१० मध्ये नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, संस्था, विद्यार्थी असे सुमारे आठ हजार लोक या सात ठिकाणी सहभागी झाले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर झाली.

या निर्णयाविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. बांगलादेशाने २०१३ साली बीटी वांग्याला मान्यता दिली, ही वस्तुस्थितीही विचारात घ्यावी लागेल. परंतु येथे प्रश्न निर्णयाचा नसून पद्धतीचा आहे. सुनावणी ही निश्चितच मोठी पायरी होती. जे शास्त्र कापसाच्या वेळी बंद दाराआड राहिले ते या वेळी लोकांसमोर उभे राहिले. मात्र सुनावणीचा साचा न्यायालयाचा असतो. वादी आणि प्रतिवादी, थोडा वेळ, अनेकदा घोषणा, आणि शेवटी एकच प्रश्न : हवे की नको? असोद्याहून चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील नागपूरला खानदेशातील एखादी वांगी पिकविणारी बाई गेलीच असती, तरी तिच्यासाठी हाच प्रश्न तयार होता. तिला वांग्याविषयी काय माहीत आहे, हा प्रश्न त्या साच्यात बसणारा नव्हता. लोकसमाजाला मत असते हे मान्य झाले. त्याला ज्ञान असते हे मान्य होण्यास जागाच नव्हती.

दुसऱ्या बाजूने विज्ञानसंस्थांचे वर्तनही निराशाजनक ठरले. मंत्र्यांच्या विनंतीवरून देशातील सहा विज्ञान व अभियांत्रिकी अकादमींनी सप्टेंबर २०१० मध्ये जो संयुक्त अहवाल दिला त्यातील काही मजकूर एका शास्त्रज्ञाच्या आधीच्या लेखातून जसाच्या तसा घेतल्याचे निदर्शनास आले आणि अहवाल सुधारून पुन्हा सादर करावा लागला. ज्या समाजाकडून विज्ञानावर विश्वास ठेवण्याची अपेक्षा केली जाते त्या समाजासमोर विज्ञानाच्या सर्वोच्च संस्थांनी ठेवलेला हा कागद होता.

खरे तर या अळीवर असा एक उपाय कृषिशास्त्रालाच ठाऊक आहे, ज्यात विज्ञान आणि गाव दोघांनाही काम आहे. माना टाकलेले शेंडे वेळीच खुडून नष्ट करणे आणि नर पतंगांसाठी कामगंध सापळे लावणे, हा तो उपाय. तो एका वाफ्यात केला तर फारसा उपयोगी पडत नाही. शेजारच्या शेतातून पतंग येतच राहतात. शिवारातील बहुतेकांनी एकाच वेळी केला तर परिणाम दिसतो. सापळ्यातील गंधद्रव्य प्रयोगशाळेतून येते, शेंडा कोणत्या सकाळी माना टाकतो हे रोज वाफ्यात जाणारीला कळते आणि सर्वांनी मिळून करायचे हे गावाला ठरवावे लागते. असा उपाय पाकिटात घालून विकता येत नाही, त्यामुळे तो विकण्यासाठी कोणी फारसे धावतही नाही.

रकाने आणि ओव्या

लोकसमाजाचे ज्ञान टिपण्याची कायदेशीर तरतूद भारतात आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या कल्पनेच्या जडणघडणीत परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा वाटा मोठा आहे. गावातील जाणत्या माणसांनी सांगावे आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी लिहावे, अशी तिची मूळ धाटणी होती. म्हणजे सोपानदेवांच्या वहीसारखीच.

प्रत्यक्षात बराच काळ हे काम रेंगाळले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत व त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरपाईची तंबी दिल्यावर देशभर नोंदवह्यांची एकच घाई उडाली. घाईत भरलेल्या नोंदवहीचे स्वरूप सहज कल्पिता येते. जातीचे नाव, शास्त्रीय नाव, उपयोग, हंगाम; शेजारच्या गावाचीही जवळजवळ तीच यादी. वर सांगितलेले तीन निकष लावले तर सांगणारीची भाषा गेली, तिचे नाव गेले आणि तिचे ज्ञान रकान्याच्या मापाने कापले गेले. हीच पद्धत १९५० च्या सुमारास वापरली असती तर बहिणाबाईंच्या नावे ‘स्थानिक महिला, शेतीविषयक गीते, संख्या अमुक’ एवढी नोंद उरली असती.

महाविद्यालयांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत मराठी विभाग आहेत, वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरेही याच गावांत होतात. मराठीचा विद्यार्थी बोलीतील शब्द जपून लिहू शकतो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्या शब्दामागील वाण ओळखू शकतो. आज हे दोघे एकाच शिबिरात असले तरी एक पथनाट्य करतो आणि दुसरा वृक्षारोपण. भरिताच्या वांग्यासाठी असोद्यात व भादलीत वापरले जाणारे शब्द, रोप केव्हा उपटायचे याच्या खुणा, बियासाठी ठेवलेले फळ धुऊन-वाळवून राखण्याची रीत, शेजारच्या वाणाशी संकर होऊ नये म्हणून कोणी काय करते, यांची बोलीतील नोंद झाली तर ती भाषाशास्त्रालाही हवी असेल आणि वनस्पतिशास्त्रालाही. वांगे स्वपरागित मानले जात असले तरी कीटकांमुळे त्यात परपरागीभवनही होते. त्यामुळे घरी राखलेला वाण शुद्ध कसा राहिला, हा वैज्ञानिकदृष्ट्याही खरा प्रश्न आहे.

२०१६-१७ मध्ये जळगावच्या केळीबरोबर जळगावच्या भरीत वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण होते. बियाचे होत नाही. बियाचे रक्षण २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली होते आणि त्यात शेतकऱ्यांच्या वाणांचीही नोंद करता येते. त्या नोंदीत वाणाच्या दृश्य लक्षणांना मुख्य स्थान असते : फळाचा रंग, लांबी, घेर, देठावरील काटे. भाजल्यावर साल कशी सुटते हे पाहून ज्या बायकांनी फळ निवडले, त्यांच्या त्या निवडीची रीत अद्याप कोणी त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायची आहे आणि ज्यांना ती ठाऊक आहे त्यांपैकी पुष्कळजणी आज वयस्क आहेत.